कोटाखालचं होल्स्टर

मी आयुष्यातली बरीच वर्षं पिस्तुलांचे कपडे शिवले आणि पिस्तूल चालवणं मला आजही येत नाही. हातात धरलं की जड लागतं, एवढंच माझं त्यातलं ज्ञान. तरी ऑकलंडच्या मराठी मंडळींत माझी ओळख 'होल्स्टरवाल्या काकू' अशीच आहे. गणपतीच्या कार्यक्रमात कुणी नवा माणूस भेटतो, "काकू, तुम्ही काय करता?" असं विचारतो, आणि मी सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. आधी तो हसतो, मग बायकोकडे बघतो आणि हळूच विचारतो, "म्हणजे इथे पिस्तूल घेऊन फिरता येतं?"

"छे. अजिबात नाही."

"मग होल्स्टर कशाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे एका वाक्याचं उत्तर नाही. इतकी वर्षं काम करूनही नाही. ते इथे जरा सविस्तर सांगून बघते. वाचणाऱ्यांचा गोंधळ झाला तर माझी तक्रार नाही, माझा तर केव्हाच झालाय.

ठाण्याला मी पर्सच्या कारखान्यात चामडं कापायची. अरविंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इकडे इंजिनिअरची नोकरी लागली आणि आम्ही आलो. त्याला ऑफिस मिळालं, मला खिडकी मिळाली. खिडकीतून शेजाऱ्याचं लॉन बघून बघून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा हेन्डरसनमध्ये एका दुकानाच्या काचेवर 'शिवणारा माणूस पाहिजे' अशी पाटी दिसली. दुकान घोड्यांच्या खोगिरांचं, लगामांचं, पट्ट्यांचं. मालक ग्रॅहम. भर थंडीत अर्धी चड्डी आणि जॅन्डल्स, म्हणजे आपल्या साध्या स्लिपरा. त्याने मला चामड्याचा तुकडा दिला, मेण लावलेला दोरा दिला आणि म्हणाला, शिव. मी शिवलं. त्याने टाका नखाने ओढून पाहिला आणि म्हणाला, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या भाषेत झकास, "सोमवारपासून ये." माझी मुलाखत एवढीच झाली.

पुढे घोडे कमी झाले आणि पिस्तुलं आली. म्हणजे पिस्तूल क्लबवाले यायला लागले. ग्रॅहमला बारीक काम आवडत नसे, त्यामुळे ते टेबल आपोआप माझ्याकडे आलं.

होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचं म्यान. जाड चामडं रापीने कापायचं, कोमट पाण्यात भिजवायचं, मऊ झालं की प्लास्टिकच्या खोट्या पिस्तुलावर बसवून हाताने दाबत राहायचं. पिस्तुलाचा प्रत्येक उंचवटा चामड्याने उचलला पाहिजे. मग सावलीत वाळवायचं. चांगलं होल्स्टर उलटं करून हलवलं तरी पिस्तूल पडत नाही, आणि मूठ धरून वर ओढलं की कुरकुर न करता बाहेर येतं. या दोन गोष्टी एकाच चामड्याकडून करून घेणं हेच सगळं कसब. माझ्या हाताखालून गेलेली होल्स्टर्स तशी असायची, हे मी लाजत नाही सांगायला.

आता नियम. मला जसे कळले तसे सांगते, मी वकील नाही. इथे पिस्तूल ठेवायचं तर आधी परवाना लागतो, त्यावर आणखी वेगळी मंजुरी लागते आणि पिस्तूल क्लबचं सभासदत्व लागतं. पोलीस घरी येऊन तिजोरी बघतात. बायकोशीसुद्धा बोलतात. एवढं होऊन मिळालेलं पिस्तूल चालवायचं कुठे, तर क्लबच्या रेंजवर. घरून रेंजपर्यंत न्यायचं ते कुलूपबंद पेटीत. स्वतःच्या रक्षणासाठी पाहिजे, असं अर्जात लिहिलं तर अर्ज तिथेच संपला. आणि तळहातावर मावणारी ती इवलीशी पिस्तुलं, सिनेमात बायका पर्समधून काढतात तसली, ती तर क्लबवाले दारातही उभी करत नाहीत. लपवायला सोपं ते इथे नकोच, असा एकंदर हिशोब.

मग होल्स्टर घालायचं कुठे? रेंजवर. त्याचंही वेगळं शिक्षण घेऊन. कुंपणाच्या आत कंबरेला, कुंपणाच्या बाहेर पिशवीत.

इथपर्यंत मला समजलं. पण होल्स्टर ही वस्तू म्हणून काय आहे? ते चामडं आहे. ते विकत घ्यायला परवाना लागत नाही, शिवायला लागत नाही. एका शेतकऱ्याने ड्रिल मशीन अडकवायला माझ्याकडून होल्स्टर नेलं. रोटोटुनाहून एक बाई नाटकासाठी घेऊन गेली. एक पर्यटक दुकानात शिरला आणि त्याने विचारलं, शर्टाच्या आत घालायचं, बाहेरून दिसणार नाही असं आहे का? ग्रॅहमने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दिसणार नाही? कोणाला, मित्रा?" तो माणूस काउंटरवर बोटं वाजवून निघून गेला.

शिरीष आला तो हिवाळ्यात. शिरीष मूळचा चिंचवडचा, ऑकलंडच्या मनुरेवा भागात त्याची स्वतःची फार्मसी आहे. बायको अनघा हॉस्पिटलात नर्स. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ही दोघं खुर्च्या लावणार आणि शेवटी उचलणार. शिरीषला नेमबाजीचा नाद कॉलेजपासूनचा. इथे आल्यावर त्याने क्लब धरला, रीतसर परवाना घेतला. त्याचं आधीचं होल्स्टरही मीच शिवलेलं, बाहेरून घालायचं, साधं.

त्या हिवाळ्यात त्याच्या फार्मसीवर दरोडा पडला होता. भर दुपारी तोंडं झाकलेली माणसं हातोडे घेऊन आली, काचा फोडल्या, औषधं आणि गल्ला घेऊन गेली. कुणाला लागलं नाही. मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांनी 'काळजी घ्या' लिहिलं आणि पुढे कोजागिरीला मसाला दूध कोण करणार यावर चर्चा गेली.

शिरीष माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "काकू, एक होल्स्टर पाहिजे. जाकिटाच्या आतून घालायचं."

"आतून कशाला?"

"मॅच आहे. जाकिटाखालून पिस्तूल काढून नेम धरायचा, असा प्रकार असतो. आमच्याकडे सुरू झालाय."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याची दाढी वाढली होती. दुकानाचं दार वाजलं की मान वळत होती.

"खरंच मॅच आहे ना रे?"

"काकू, क्लबला फोन करून विचारा हवं तर."

मी खरंच विचारलं. क्लबवाले म्हणाले, हो, असा प्रकार आहे, रेंजवर पूर्ण कायदेशीर. म्हणजे तेच पिस्तूल, तेच होल्स्टर, तेच जाकीट. कुंपणाच्या आत खेळ आणि फाटकाच्या बाहेर पाऊल पडलं की गुन्हा. मी ग्रॅहमला म्हटलं, हे मी शिवू की नको? तो म्हणाला, "सू," माझं नाव त्याने एवढंच ठेवलंय, "आपण चामडं विकतो. माणसाच्या डोक्यात काय आहे ते पोलीस तपासतात, आणि याचं तपासून झालंय." मला ते पटलं. घरी जाताना पटेनासं झालं. अरविंदला विचारलं, तर त्याने कॉम्प्युटर उघडला आणि कायद्यातली 'बाळगणे' या शब्दाची व्याख्या शोधत बसला. आमटी गार झाली तरी त्याला ती सापडली नव्हती.

शेवटी शिवलं. चांगलं शिवलं. मनात शंका आहे म्हणून टाका वाकडा घालणं मला जमत नाही.

मग दसरा आला. इथे तो वसंतात येतो, सगळंच उलटं. शिरीष-अनघाने घरी जेवायला बोलावलं होतं. शस्त्रपूजा आमच्या मंडळींकडे अजून करतात. शस्त्र म्हणजे ज्याच्यावर पोट चालतं ते. टेबलावर लाल कापड घातलं होतं. अनघाचा स्टेथोस्कोप, शिरीषचा गोळ्या मोजायचा ट्रे, दोन लॅपटॉप, गाड्यांच्या किल्ल्या. झेंडू मिळाला नाही म्हणून बागेतली कॅलेंडुलाची फुलं. आणि या सगळ्यांच्या मध्ये माझं होल्स्टर, त्याला हळद-कुंकू लावलेलं.

"पिस्तूल तिजोरीतच आहे हं काकू," शिरीष हसून म्हणाला. "नियम म्हणजे नियम. म्हणून त्याचं घर पूजेला ठेवलं."

मला कौतुक वाटलं. आपण शिवलेली वस्तू कुणी देवापुढे ठेवतं, याहून कारागिराला काय हवं? मी नमस्कार केला आणि सवयीने होल्स्टर हातात घेतलं, टाके बघायला.

चामडं नवं असतं तेव्हा बिस्किटाच्या रंगाचं असतं. अंगाचा घाम लागत गेला की काळवंडतं. अधूनमधून एखाद्या शनिवारी वापरलेल्या होल्स्टरला तो रंग यायला वर्षं लागतात. हे आतल्या बाजूने जवळजवळ काळं झालं होतं. कंबरेच्या हाडाचा बाक त्यात पूर्ण उतरला होता. म्हणजे हे रोज अंगावर होतं, दिवसभर. आणि त्याचं तोंड मिटलेलं होतं. आत पिस्तूल राहिलं असतं तर तोंड उघडं राहिलं असतं, कडा ताठ राहिल्या असत्या. हे दिवसच्या दिवस रिकामं घातलेलं होल्स्टर होतं.

मला काही कळेना. असं होल्स्टर मी आजवर पाहिलं नव्हतं.

अनघा पानं वाढत होती. ती सहज म्हणाली, "हल्ली कोट घालून जातो दुकानात. मी म्हटलं, इथे कोण घालतं फार्मसीत पांढरा कोट? तर म्हणतो, बरं वाटतं."

जेवणानंतर मी शिरीषला म्हटलं, चल, गराजमधली तुझी ती वांग्याची रोपं दाखव. रोपं राहिली बाजूला.

"रोज घालतोस?"

तो एका कुंडीतलं तण उपटायला लागला.

"दुकानात? कोटाखाली?"

"रिकामं असतं काकू. तुमची शप्पथ. पिस्तूल तिजोरीत, गोळ्या दुसऱ्या कपाटात. सगळं कायद्याने."

"मग घालतोस कशाला?"

"त्या दिवशी मी हात वर करून उभा होतो. माझ्या स्टाफच्या पोरी रडत होत्या आणि मी नुसता हात वर करून. आता निदान हात ठेवायला एक जागा आहे." त्याने कंबरेवर हात ठेवून दाखवला. हात बरोबर तिथे जाऊन बसला. "मला बरं वाटतं. कुणाचं काय जातं? रिकाम्या चामड्याला कुठला कायदा लागतो, सांगा."

मला राग आला, दया आली, आणि त्याचं म्हणणं चूक कुठे आहे तेही सापडेना. मी म्हटलं, "अनघाला माहीत आहे?" तो म्हणाला, "मॅचला घालतो एवढं माहीत आहे." मी म्हटलं, "ते काढून ठेव." तो म्हणाला, "ठेवतो काकू." ज्या सुरात मुलं 'करतो' म्हणतात त्या सुरात.

दुसऱ्या दिवशी मी परवान्यांच्या कचेरीत फोन केला. नाव सांगितलं नाही, दुकानातली आहे एवढंच म्हटलं. पलीकडच्या बाई फार सौजन्याने बोलल्या. होल्स्टरला परवाना लागत नाही, म्हणाल्या.

"कुणी दुकानात, म्हणजे बाहेर, कपड्याखाली घातलं तर?"

"पिस्तूल रेंजबाहेर अंगावर घेऊन फिरता येत नाही, मॅडम."

"पिस्तूल नाहीच. नुसतं होल्स्टर."

"पिस्तुलाशिवाय?"

"हो."

"मग ते कशासाठी?"

"तेच तर मी विचारतेय."

मग त्या बाई सावकाश म्हणाल्या, "आम्ही होल्स्टर तपासत नाही, माणूस तपासतो. हा परवाना असलेला कुणी माणूस आहे का? तुम्हाला त्याची काळजी वाटतेय का?"

मी म्हटलं, विचार करून सांगते, आणि फोन ठेवला. खरोखरच विचार करत होते. शिरीषचं नाव सांगितलं असतं तर त्याचा परवाना गेला असता, कदाचित फार्मसीवरही गदा आली असती, आणि त्याने केलं काय होतं, तर रिकामं चामडं घातलं होतं. नाव न सांगितलं तर उद्या ते रिकामं राहील याची खात्री काय? अरविंद म्हणाला, "गुन्हा झालेला नाही." ग्रॅहम म्हणाला, "दॅट्स नॉट राइट, सू." दोघंही मला एकाच वेळी बरोबर वाटायचे. मी दर आठवड्याला शिरीषला फोन करायची, "काढलंस का?" तो म्हणायचा, "हो काकू." मला त्याचा आवाज ऐकून कळायचं की नाही. सगळा उन्हाळा मी हाच धोशा लावला होता. अरविंद शेवटी म्हणाला, तू होल्स्टर शिवलंस, माणूस नाही.

एप्रिल आला. इथे तेव्हा पानगळ सुरू होते आणि फिजोआ पिकतात. फिजोआ म्हणजे पेरूचा चुलतभाऊ शोभेल असं हिरवं फळ. घरोघरी झाडं आणि प्रत्येकाकडे इतकं की लोक पिशव्या भरून ज्याला त्याला वाटत सुटतात.

शिरीष दुकानात आला आणि त्याने होल्स्टर माझ्या टेबलावर ठेवलं. बसला नाही. ग्रॅहम त्याच्याकडे बघून मागे चहा करायला गेला.

"काकू, राविरी म्हणून एक म्हातारे गृहस्थ आहेत. माओरी, इथले मूळचे. उंचेपुरे, हातभर टॅटू. माझ्याकडे डायबिटिसची औषधं नेतात, दुकान उघडलं तेव्हापासून. परवा आले. पावसाचं जाकीट, डोक्यावर हुड. मी मागे वळलो तर दारात हे. आणि त्यांनी जाकिटात हात घातला."

त्याने कंबरेवर हात नेला.

"माझा हात गेला. इथे. कोट बाजूला केला मी. मूठ धरायला गेलो, तर मूठ नव्हती."

"अरे, रिकामंच होतं ना."

"हो."

"मग झालं तर. त्यांनी काय काढलं जाकिटातून?"

"फिजोआ," तो म्हणाला. "कागदी पिशवीत. माझ्यासाठी."

मला हसू आलं, खरं सांगते. सुटल्यासारखं हसू. शिरीष हसला नाही.

"काकू, त्या दिवशी सकाळी मी तिजोरी उघडली होती."

ग्रॅहमची किटली मागे वाजत होती.

"आदल्या दिवशी पलीकडच्या रस्त्यावरचं किराणा दुकान फोडलं होतं. दुकानदाराला मारलं. मला झोप नव्हती. सकाळी अनघा ड्यूटीवर गेली आणि मी पिस्तूल काढून यात ठेवलं. पहिल्यांदाच."

"आणि गोळ्या?"

"खिशात."

मी हातातली रापी खाली ठेवली.

"मग कोट घातला. तर कोटाचं बटण लागेना. आमची पिस्तुलं मोठी असतात ना, छोटी आपल्याला ठेवता येत नाहीत. मूठ बाहेर येत होती. बटण ओढून ओढून लावत होतो, ते तुटलं. आरशात बघितलं तर सरळ दिसत होतं काहीतरी. म्हटलं, असं कसं जाणार? पिस्तूल परत ठेवलं. दुसरा कोट घातला. होल्स्टर अंगावरच राहिलं." त्याने माझ्याकडे बघितलं. "एवढंच. मी शहाणपणाने ठेवलं नाही परत. बटण लागलं नाही म्हणून ठेवलं. लागलं असतं तर दुपारी मूठ तिथे होती, काकू. आणि माझा हात कुणाला विचारायला थांबला नसता."

मी रडले. वयाला शोभेल असं नाही, चांगली हुंदके देऊन रडले. शिरीषच मला पाणी देत होता. चहा घेऊन आलेला ग्रॅहम आम्हाला बघून तसाच परत फिरला.

मग मी त्याला विचारलं, "अनघाला सांगितलंस?"

"आज सांगतो."

"आज नाही. इथून फोन कर."

त्याने केला. अनघा हॉस्पिटलातून निघून थेट दुकानात आली, युनिफॉर्मवरच. तिने सगळं ऐकलं. ती ओरडली नाही. तिने टेबलावरचं होल्स्टर उचललं, आतला काळा डाग अंगठ्याने पुसून बघितला आणि म्हणाली, "मला वाटलं, कंबरेला बेल्टचे वळ उठतायत. मी रोज क्रीम लावत होते."

पिस्तूल त्याने त्याच आठवड्यात परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलं आणि क्लबला कळवलं की मी खेळ सोडतोय. कारण काय सांगितलं, सांगितलं की नाही, मी विचारलं नाही. त्याने जे केलं त्यात कायदा नेमका कुठे मोडला, त्या सकाळी आरशासमोर, की दुपारी रिकाम्या हाताने, की कुठेच नाही, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. अरविंदची व्याख्या अजून चालू आहे. होल्स्टर माझ्याकडेच राहिलं होतं. मी त्याचं बकल काढून घेतलं आणि चामडं रापीने उभं चिरलं. स्वतःचं काम कापताना हात जड होतो, तो झाला.

काही आठवड्यांनी अनघाचा फोन आला. "काकू, एकदा दुकानात या ना. मला एक गोष्ट तुम्हाला दाखवायची आहे. मला सांगून जमणार नाही."

मी मनुरेवात गेले. वाट बघणाऱ्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीत अनघाने मला बसवलं. शिरीष आत काउंटरमागे गोळ्या मोजत होता. कोट नव्हता, साधा शर्ट. आजीबाई आल्या, एक बाई खोकला असलेलं मूल घेऊन आली. मला वाटलं, हेच दाखवायचं होतं का, की सगळं ठीक आहे?

मग काचेच्या दाराबाहेर एक उंच माणूस आला. पावसाचं जाकीट. मी ओळखलं. तो लगेच आत आला नाही. बाहेरच थांबून त्याने हुड मागे टाकला. जाकिटाची चेन उघडली, खिशातून औषधांचा कागद काढला आणि एका हातात धरला. दुसऱ्या हातात फळांची पिशवी. मग खांद्याने दार ढकललं आणि दोन्ही हात सरळ पुढे धरून, सावकाश, तो आत आला. काउंटरपर्यंत तसाच.

"किया ओरा," मला बघून तो हसला. "आंटी, तुम्ही रांगेत आहात का?"

मी म्हटलं, नाही, मी नुसती बसलेय. त्याने कागद आणि पिशवी काउंटरवर ठेवली. "या वर्षीचे शेवटचे," तो शिरीषला म्हणाला. "आता पुढच्या वर्षी."

शिरीषच्या हातातल्या गोळ्या ट्रेमध्ये तशाच राहिल्या होत्या. "मिस्टर राविरी," तो म्हणाला, "तुम्ही असे येऊ नका. हात असे... नका येत जाऊ. प्लीज."

"अरे, त्या दिवशी तू फार घाबरलास. चेहरा पांढरा पडला होता तुझा. दरोड्यानंतर असं होतं माणसाचं, माहीत आहे मला. मला काय त्रास आहे हात दाखवायला?"

"पण तुम्ही कशाला? चूक माझी होती."

"काळजी करू नकोस, पोरा," म्हातारा म्हणाला आणि औषधांसाठी काउंटरवर हात पसरून उभा राहिला. "इतर दुकानांत शिरताना माझ्यासारख्या माणसाला सवय असते त्याची. फक्त तुझ्याकडे लागत नव्हती."